डावीकडची खुर्ची

भट्टीवाले काका “घरी कोण कोण अस...” एवढंच म्हणाले आणि त्यांच्या शेजारचा तरुण खोकला. ते साधं खोकणं नव्हतं. ठसका लागलेला माणूस असा पेन खाली ठेवून, मान वळवून, शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघत खोकत नाही. काकांनी जीभ चावली. “राहिलं,” ते म्हणाले, “घरी कुणी असो नसो. आपण कपांबद्दल बोलू.” मधल्या खुर्चीतल्या चष्मेवाल्या बाई खाली बघून हसल्या. आणि समोर मुलाखतीला बसलेली टिचकी एकदम हिरमुसली, कारण नेमक्या त्याच प्रश्नाचं उत्तर तिनं कालपासून घोटून ठेवलं होतं.

लेक मोठी झाली, स्वतःच्या पायावर उभी आहे. नवरा स्वतःचा डबा स्वतः भरतो. घरात आजारी-दुखणाईत कुणी नाही. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं ठरलेलं. आजवर नोकरी मागायला गेलं की कामाचं कोण विचारतंय! विशीत विचारायचे, “लग्न कधी?” त्याचं उत्तर होतं, “इतक्यात नाही.” लग्न झाल्यावर विचारायला लागले, “मूल कधी?” त्याचंही उत्तर तेच, फक्त जरा लाजून द्यायचं. मूल झाल्यावर “त्याला सांभाळणार कोण?” आणि आता पन्नाशीला टेकल्यावर, “झेपेल ना बाई तुम्हाला?” आधीचा अंगरखा आखूड झाला की पुढचा शिवावा तशी ती वयापरत्वे उत्तरं शिवत आली होती, आणि आज घालायला काढलेला नवाकोरा अंगरखा बघायलाच कुणी तयार नव्हतं. सकाळी लेक म्हणाली होतीच. “आई, आता कायदा आहे. लग्न, मुलं, वय, दुखणं, यातलं काही विचारायचं नाही, आणि त्यावरून नाकारायचं तर मुळीच नाही. उलट तुझी काही अडचण असेल आणि थोडी सोय केल्यावर काम नीट होणार असेल, तर ती सोय करून देणं त्यांना भागच आहे. तू सांगून टाक.” त्यावर नवरा तोंडाला दाढीचा साबण फासलेला तसाच बाहेर आला. “काही सांगू नकोस. कायदा पुस्तकात असतो, आणि नोकरी देणारा खुर्चीत असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची!” मग दोघांचं जुंपलं. टिचकीनं आपली पिशवी उचलली आणि निघाली. झाकलेली मूठ म्हणजे तिचा डावा कान होता.

लहानपणी ताप डोक्यात गेला आणि जाताना तो कान घेऊन गेला. उजवा मात्र असा राहिला की आई म्हणायची, देवानं एकाचं काढून दुसऱ्यात घातलंय. शेजारच्या घरात कपाटाची कडी सरकली तरी हिला कळायचं. पुढं कपबशांच्या कारखान्यात तिनं याच कानावर भाकरी कमावली. भट्टीतून निघालेला कप डाव्या हातात उभा धरायचा, उजव्या हाताच्या नखानं त्याला टिचकी मारायची. कप निरोगी असला तर “टण्ण” म्हणतो आणि थोडा वेळ म्हणतच राहतो. पोटात तडा असला तर “ठप्” म्हणून गप्प बसतो, मग वरून कितीही गोरागोमटा दिसो. टिचकी हे नाव तिथंच पडलं आणि नवऱ्यापर्यंत पोचलं, कारण हात स्वस्थ बसत नसे. दुकानातलं मडकं, खिडकीची काच, झोपलेल्या नवऱ्याचं टक्कल, जे समोर येईल त्याला टिचकी. नवऱ्याचं टक्कल “ठप्” म्हणतं असं ती सगळ्यांना सांगायची, आणि तो म्हणायचा, “तडा गेलाय, लग्नाच्या दिवशीच गेलाय.” पण कानाचं फक्त त्याला आणि लेकीला ठाऊक होतं. घरात जेवायच्या टेबलाच्या एकाच बाजूला सगळे दाटीवाटीनं बसायचे, टिचकीच्या उजवीकडे, समोर जणू नाटक चालू आहे. नवरा रस्त्यानं उजवीकडून चालायचा. लेक रांगायला लागली तेव्हापासून रडायला म्हणून उजवीकडे यायची, आणि एखादी गोष्ट फुटली-सांडली असली की कबुली द्यायला डावीकडे. लबाड कुठली!

डावीकडची खुर्ची थोरल्या जाऊबाईंची. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची, असं लग्न ठरलं तेव्हाच आईनं बजावलं होतं, आणि मग इतकी वर्षं गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं? जाऊबाई आल्या की त्या खुर्चीत बसत आणि तासच्या तास बोलत, आणि टिचकी त्यांच्या ओठांकडे अधूनमधून बघून “हो ना”, “तर काय”, “माणसं मेली अशीच” एवढं आलटून पालटून म्हणे. जाऊबाई सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटल्या, आमच्या धाकटीसारखं ऐकून घेणारं माणूस शोधून सापडायचं नाही. यावर घरात किती हसले असतील! पण एकदा, टिचकी मटार सोलत होती आणि मान खाली होती, तेव्हा जाऊबाई काहीतरी बोलल्या. टिचकी सवयीनं म्हणाली, “तर काय!” बऱ्याच वेळानं मान वर केली तर जाऊबाई डोळे पुसत होत्या, आणि पुसता पुसता हिच्याकडे बघून, कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं समाधानानं हसत होत्या. काय बोलल्या होत्या ते तिला आजतागायत कळलेलं नाही. पुन्हा विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी टिचकीला पहिल्यांदा आपल्या झाकल्या मुठीची लाज वाटली. मटार सोलताना ती लाज अजूनही येते.

आणि आत्ता, बाहेरच्या बाकावर तसंच झालं होतं. बाक लांबलचक, पण भिंतीकडचं टोक कुणीतरी बॅगा ठेवून अडवलेलं. म्हणून टिचकी दुसऱ्या टोकाला बसली आणि डावीकडे एक तरुण पोरगी येऊन टेकली, कपांवर फुलं रंगवायच्या जागेसाठी आलेली. बोट बोट जाडीची फाईल तिनं पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती. पोरगी बोलत होती, भराभरा बोलत होती, आणि टिचकी म्हणाली, “हो ना. तर काय.” मग टिचकीला हाक आली. उठताना तिनं त्या पोरीकडे नीट बघितलं. तशी फाईल धरून कोण बसतं, हे तिला माहीत होतं. लेकीच्या वेळी तिनं स्वतः महिनेच्या महिने पोटाशी पिशवी धरून कारखान्यात ये-जा केली होती. पण तोवर दार उघडलं होतं.

“उकाड्यात आणि थंडीत आवाजात फरक पडतो का हो?” चष्मेवाल्या बाई विचारत होत्या. टिचकी भानावर आली. आत येताना तिनं पिशवी ठेवायच्या निमित्तानं खुर्ची तिरपी करून घेतली होती, त्यामुळे तिघंही उजव्या कानाच्या टप्प्यात होते. “पडतो,” ती म्हणाली, “गरम कप खोटं बोलतो. निवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये.” काका खूश झाले. “माणसासारखंच!” मग काका विचारत गेले आणि ती सांगत गेली. कानाला, म्हणजे दांडीला, धरलेला कप कसा वाजतो आणि काठाला धरलेला कसा, दोन कप एकमेकांवर ठेवून का वाजवू नयेत, नख वाढलं की आवाज कसा पातळ होतो. बोलता बोलता तिला गंमत वाटायला लागली. आपल्याला आपल्या कामाबद्दल इतकं बोलता येतं, हे तिला माहीतच नव्हतं, कारण आजवर वेळ संपायचा तो सासू, नवरा आणि मूल यांतच. मध्येच काकांनी पुन्हा घसरून “आमच्या सूनबाईंचं तर मूल लहान, तुमचं...” असं सुरू केलं आणि तरुण इतक्या जोरात खोकला की बाईंनी त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. टिचकीनं पेल्याकडे बघितलं आणि बोट आपोआप उठलं, ते तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरलं.

“चला, आता हात बघू,” काका उठले. दारातच तरुणानं एका दमात, पाठ केल्यासारखं सांगितलं, “काम करताना काही सोय लागत असेल तर सांगा. कारण सांगितलंच पाहिजे असं नाही.” टिचकीनं मान डोलावली. ती तिघांच्या डावीकडून चालत होती, म्हणजे तिनं तशी जागा मिळवली होती, आणि तिला वाटत होतं, जमलं! मूठ झाकलेलीच राहिली! पुढच्या दालनात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. टेबल भिंतीला चिकटवलेलं, टेबलावर कपांची परात, वर छानपैकी दिवा. आणि बसणाऱ्याच्या उजव्या हाताला, भिंतीपलीकडच्या भट्टीला हवा देणारा भलामोठा पंखा. धों धों धों धों. असा आवाज की उजवा कान भरून वाहायला लागला. पहिला कप तिनं उचलला, टिचकी मारली. काही नाही. नखाला कळलं, कानाला नाही. तिनं कप कानाशी नेला, पुन्हा मारली. कुठंतरी विहिरीच्या तळाशी कुणी काही बोलल्यासारखं. तो बरा म्हणून बाजूला ठेवला. दुसरा तसाच. तिसऱ्याला ती थांबली. हे कप कुणीतरी उद्या हातात घेणार होतं, उकळता चहा ओतणार होतं. तिनं आजवर एक कप असा अंदाजपंचे पुढं ढकलला नव्हता. सुनेच्या नाहीतर नातवाच्या मांडीवर चहा सांडला तर टिचकी जबाबदार, असं ती जुन्या कारखान्यात पोरींना दटावायची. तिनं ठेवलेले दोन्ही कप परत परातीत घेतले.

सांगायचं? तिच्या डोळ्यांपुढं ती पहिली खोली आली, तिच्या विशीतली. कापडाच्या गोदामात माल घ्यायची जागा होती. तिथल्या साहेबानं डावीकडून काहीतरी विचारलं, तिला कळलं नाही, आणि तिनं भाबडेपणानं सांगून टाकलं होतं. साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाला होता, “वा! बहिरीला आत घ्या, मग आंधळ्याला पहाऱ्याला बसवा!” आणि खोलीत बसलेली सगळी माणसं हसली. एक म्हातारा तर खोकेपर्यंत हसला. ती रस्त्यावर आली तेव्हा कान लाल झाले होते, दोन्ही. लाजेला ऐकू येणारा आणि न येणारा असं कळत नाही. त्या दिवसापासून ती कुठंच, कधीच बोलली नाही. जुन्या कारखान्यात भिंतीकडची जागा मिळवताना ‘मला खिडकीचा उजेड लागतो’ म्हणाली. मग कुणी डावीकडून आलं की ‘मला वारा बाधतो, इकडून या’. सभेत ‘मला मानेचा त्रास आहे, मी या टोकाला बसते’. सहकाऱ्यांच्या हिशेबी टिचकी म्हणजे कानाची तिखट, बाकी वारा, ऊन, मान, डोळे सगळं नाजूक असलेली बाई. हे सगळं आठवून तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता राग आला. एका कानासाठी किती अवयव बदनाम केले मेले!

“काय झालं?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं. टिचकीनं तोंड उघडलं आणि जीभ सवयीनं म्हणाली, “मला ना, उजेड...” तिघांनीही वर बघितलं. दिवा बरोब्बर तिच्या डोक्यावर होता, कपांच्या काठावर लखलखत होता. याहून उजेड हवा तर सूर्यच आणून टांगायला हवा होता. आता वारा म्हणावं? मान म्हणावं? नोकरी हवी होती तिला. जुना कारखाना बंद पडल्यापासून ती घरातल्या भांड्यांना टिचक्या मारत बसली होती, आणि भांडी रोज तेच तेच सांगत होती. पंखा धों धों करत होता. डाव्या कानात मात्र कशी शांतता, देवघरातल्यासारखी. आणि तिला एकदम कळलं, की तो पंखा जर या बाजूला असता, तर तिच्याइतकं निवांत या दालनात कुणीच काम करू शकलं नसतं. मेलेला कान गोंगाटाला द्यायचा, जिवंत कान कपाला! तिनं मूठ उघडली.

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. “मुळीच नाही. उजव्यानं येतं, चांगलं येतं, पण हा पंखा उजवीकडे आहे. टेबलाच्या पलीकडे, तोंड इकडे करून बसले तर पंखा डावीकडे जाईल. टेबल भिंतीपासून ओढायला लागेल.” बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. कुणी हसेल. कुणीतरी खुर्चीत मागं रेलेल. तिचा हात पिशवीकडे गेला सुद्धा. चष्मेवाल्या बाई भिंतीकडे गेल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “कुठपर्यंत ओढायचं?” एवढंच. काका बाह्या सरसावत होते. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! धर रे तू तिकडून. खोकणं पुरे झालं, जरा जोर लाव.” टेबल हलेना. पायाखाली ओघळलेली माती सुकून दगड झालेली. तरुणानं लाथ मारली, काकांनी टेबलाच्या खापरपणजोबांचा उद्धार केला, बाईंनी परात उचलून पोटाशी धरली, आणि टिचकीनंही खांदा लावला. कर्र्र् करून टेबल सुटलं आणि काका धपकन खाली बसले. “बाई,” काका जमिनीवरूनच म्हणाले, “तुमच्या कानापायी माझं ढुंगण मोडलं.” तरुण खोकला नाही, तो हसत होता. टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते कुणाला दिसू नये म्हणून काही केलं नाही. तिला एवढंच वाटत होतं, इतकंच होतं? इतकंच! आख्खं आयुष्य मी ज्याला भीत आले, ते म्हणजे एक टेबल ओढायचं होतं?

ती पलीकडे जाऊन बसली. पंखा डावीकडे गेला आणि मेला. नुसता थरथराट तेवढा टेबलातून कोपरांना जाणवत राहिला. तिनं पहिला कप उचलला, नख लावलं. टण्ण! सोवळ्यातला, स्वच्छ, लांबत जाणारा आवाज. कितीतरी महिन्यांनी तो भेटत होता. दुसरा, टण्ण! तिसरा कप, जो तिनं डोळे मिटून पुढं ढकलला असता, “ठप्” म्हणाला. “लबाडा,” ती त्याला म्हणाली आणि वेगळा ठेवला. मग तिला खोलीत कोण आहे याचं भान राहिलं नाही. हात चालत होते, कप बोलत होते, एखादा कुरकुरत होता, आणि ती मध्येच हसत होती, मध्येच एखाद्याला दटावत होती. परात संपली तेव्हा तिला वाईट वाटलं. बाईंनी वेगळे ठेवलेले कप एकेक उजेडात धरून बघितले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “आम्ही कळवतो तुम्हाला,” त्या म्हणाल्या. तरुण टेबल परत भिंतीकडे लोटायला वाकला. “राहू दे रे,” काका कंबर चोळत म्हणाले, “सोमवारी पुन्हा कोण ढकलणार?” तरुण खोकला. असा खोकला की थांबेना. बाईंनी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, “मी कुठं काय बोललो? मी टेबलाबद्दल बोललो.” टिचकीनं कुणाकडेच बघितलं नाही, पिशवी उचलली आणि गालातल्या गालात सोमवार घोळवत बाहेर आली.

बाकावर ती पोरगी तशीच बसली होती, फाईल पोटाशी. टिचकी तिच्यापुढं उभी राहिली. “काय काय विचारतात?” पोरीनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. “ते सांगते. आधी हे ऐक. मघाशी तू माझ्याशी एवढं बोललीस, त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. या कानानं मी बहिरी आहे. उगाच ‘हो ना, हो ना’ करत होते. सरक तिकडे, मला या बाजूला बसू दे, आणि पुन्हा सांग.” पोरगी बघतच राहिली. मग तिला फसकन हसू आलं. “अगं बाई! आणि मला वाटलं, या मावशी म्हणतायत तेच खरं असणार. मी विचारत होते, पोट लपवून ठेवू ना? आणि तुम्ही म्हणालात, हो ना, तर काय!” टिचकीनं स्वतःच्या कपाळाला टिचकी मारली. जाऊबाई आठवल्या. आज घरी जाताना वाटेत त्यांच्याकडे उतरायचं, त्यांना उजवीकडे बसवायचं आणि विचारायचं, तेव्हा काय म्हणाला होतात हो? त्या रागावतील, सगळ्या गावाला सांगतील. सांगू देत की! “लपवू नकोस,” ती पोरीला म्हणाली. “ते विचारणार नाहीत, त्यांना विचारता येत नाही. तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण रंगवायला कितीतरी वेळ बसावं लागतं बाळा, आणि रंगवायच्या खोलीत, जाताना बघितलं मी, नुसती स्टुलं आहेत, पाठ मोडेल. पाठीची खुर्ची हवी म्हण. मागून घे. हसत नाही कुणी. एक काका आहेत, ते पडतात फक्त.”

आतून हाक आली. पोरगी उठली. दारापर्यंत गेली, थांबली, पोटाशी धरलेली फाईल काखेत मारली आणि ताठ आत गेली. दार बंद झालं. टिचकीला खरं तर निघायला हवं होतं. नवरा घरी येरझाऱ्या घालत असेल. पण ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथल्या बॅगा बाजूला केल्या आणि उजवा कान दाराकडे करून बसली. आधी नुसतंच काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. मग काकांचा आवाज, मग खोकला. आणि मग आत, फरशीवरून, एक जड खुर्ची ओढल्याचा आवाज आला.